गोलातली आत्या

माझी आत्या गोलकीपर झाली ती एका हरवलेल्या पार्सलमुळे. तिला विचाराल तर ती सांगेल की पार्सल हरवलंच नव्हतं, गिऱ्हाइकालाच स्वतःचा पत्ता धड लिहिता येत नव्हता. या मुद्द्यावर ती अजून माघार घेत नाही. ते गिऱ्हाईक वारलं त्याला आता बरीच वर्षं झाली, तरीही.

तेव्हा ती कुरियरच्या गोदामात कामाला होती. पत्र्याची लांबलचक शेड होती. एका टोकाला ट्रक लागायचे, दुसऱ्या टोकाला काउंटर, आणि मधे छतापर्यंत लोखंडी मांडण्या. आत्याची उंची सहा फुटांना जेमतेम दोन बोटं कमी, त्यामुळे शिडीशिवाय वरच्या फळीवरचं खोकं काढणारी अख्ख्या गोदामात ती एकटीच. ट्रकवरची माणसं तिच्या हातात खोकी द्यायची नाहीत, फेकायची. आधी चेष्टा म्हणून, मग सवय म्हणून. तिने एकही खाली पडू दिलं नाही. यात हौस काही नव्हती. फुटलेल्या मालाबद्दल साहेब तिलाच बोलायचे.

तर एक दिवस काउंटरवर एक टक्कल पडलेला माणूस आला आणि त्याने आवाज चढवला. बायकांचा एक नवा फुटबॉल संघ उभा राहत होता, पगारी खेळाडूंचा, आणि हा त्याचा प्रशिक्षक. गोलाच्या जाळ्या मागवल्या होत्या, त्यांचा पत्ता नव्हता. आवाज चढवण्यात आत्या कुणाला हार जाणारी नव्हती. दोघांचं चांगलं जुंपलेलं असताना मागच्या मांडणीवरून एक खोकं घसरलं. आत्याने मान न वळवता हात मागे नेला, खोकं काखेत घेतलं आणि वाक्य पुरं केलं. प्रशिक्षक एकदम गप्प झाला. आत्याला वाटलं, आपण भांडण जिंकलो.

प्रशिक्षकाने विचारलं, कधी फुटबॉल खेळलात का? आत्या म्हणाली, जाळ्यांचं बोला.

त्याचं असं झालं होतं की त्याची गोलकीपर नुकतीच संघ सोडून गेली होती. तिचं लग्न ठरलं होतं आणि फोटोत नाक सरळ हवं होतं. लीग सुरू व्हायला आली होती आणि गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं, कारण सगळ्यांना गोल मारायचे होते. अडवायला कोण जातं? तो तीन दिवस रोज गोदामात आला. शेवटी गोदामाचे साहेबच कंटाळले आणि आत्याला म्हणाले, जा बाई एकदा याच्याबरोबर, नाहीतर हा इथे खाट टाकेल.

आमच्या घरी ही बातमी आली तेव्हा मी शाळेत होते. घर म्हणजे माझे बाबा, आई, मी आणि आत्या. आजी-आजोबा लवकर गेले, त्यामुळे आत्याला बाबांनीच वाढवलं होतं. बाबांचं सोफे आणि गाद्या शिवायचं दुकान. घराच्या पुढच्या खोलीत वर्कशॉप, मागे आम्ही. आमच्याकडे बसायला नेहमी भरपूर जागा असायची, फक्त ती दुसऱ्यांची असायची.

आईचं म्हणणं पडलं की शिकल्यासवरल्या बाईने चिखलात लोळायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, हे कुठल्या बुद्धीत बसतं. बाबा दोन बोलायच्या जागी अर्धं बोलणारे. त्यांनी एवढंच विचारलं, "पडशील ती कुठल्या अंगावर?"

आत्याने दोन्ही कुशी दाखवल्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी तिच्या चड्डीच्या आतून दोन्ही बाजूंना सोफ्याचा फोम शिवून दिला. चांगला, दाट, वरच्या प्रतीचा. शिवण इतकी सुबक की बाहेरून फक्त एवढंच दिसायचं की बाईचा घेर एका रात्रीत वाढलाय.

पहिल्या सामन्याला नेमका पाऊस आला. सोफ्याचा फोम पाणी पितो, ही गोष्ट गिऱ्हाइकांना बाबा कायम सांगत आले होते, बहिणीला सांगायची राहिली. मध्यंतरापर्यंत आत्या ओल्या गादीइतकी जड झाली. ती उजवीकडे झेप घ्यायची आणि फोम मागाहून यायचा. सात गोल झाले. प्रेक्षक फार नव्हते, पण जे होते त्यांनी पैसे वसूल केले. वर्तमानपत्रात छापून आलं की नवख्या गोलकीपरने धैर्य दाखवलं. धैर्य म्हणजे काय, तर ती शेवटपर्यंत मैदान सोडून घरी गेली नाही.

जेवताना आईने विचारलं, आता झालं ना समाधान? आत्या म्हणाली, "आठवा अडवला मी. तो बघायला हवा होतात."

तिथून पुढे ती त्या आठव्याच्याच मागे लागली असं म्हणायला हरकत नाही. गोदामाची नोकरी सुटली. सकाळ-संध्याकाळ सराव. तिला शिकवायला एक म्हातारा गोलकीपर ठेवला होता, त्याच्या दोन्ही हातांची बोटं अशी वाकडी की चहाचा कप धरला तरी तो स्पर्धेत जिंकल्यासारखा दिसायचा. त्याने तिला आधी पडायला शिकवलं, मग उठायला, आणि सगळ्यात शेवटी चेंडू धरायला. म्हणायचा, धरता तर येतंच तुला, पण पडून उठल्यावर धरता आलं पाहिजे. वर्षभरात आत्याची करंगळीही वाकडी झाली. ती अजून तशीच आहे; दिशा दाखवताना आत्या एक रस्ता सांगते आणि करंगळी दुसरा.

आणि तिचा आवाज. गोलकीपरचं निम्मं काम तोंडाचं असतं हे मला तिचे सामने बघून कळलं. बाकी दहा जणींना फक्त समोरचं दिसतं, हिला सगळ्यांच्या पाठी दिसतात, म्हणजे सगळ्यांच्या चुका. आत्या दोन तास... सॉरी, दीडच तास असतो सामना, पण ती दोन तासांचं बोलायची. डावीकडे सरक, पाठीमागे बघ, झोपलीस का, लग्नाला आलीस का. पुढे खेळणाऱ्या मुली सांगायच्या की हिच्यापासून लांब राहता यावं म्हणून आम्ही जीव तोडून पुढे पळतो. दुसऱ्या वर्षी संघ मधल्या स्थानावर आला तो त्यामुळेच, असं माझं मत आहे.

या तोंडामुळेच तिचं लग्न झालं.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, तेव्हा आमचे कुणी नव्हते. ते पंच होते. आठवडाभर वजनमापं तपासणाऱ्या खात्यात नोकरी, दुकानादुकानांत जाऊन तराजू बरोबर आहेत का बघायचे, आणि शनिवारी-रविवारी शिट्टी. अंगाने किडकिडीत, कपडे कडक इस्त्रीचे, केसांचा भांग पट्टीने आखलेला. लीगमध्ये त्यांना सगळे 'काटेकोर' म्हणायचे, तोंडावरसुद्धा. त्यांना ते कौतुक वाटायचं.

ते पंच असलेला आत्याचा एक सामना बरोबरीत होता. पुढे आलेल्या एका पोरीच्या पायातून आत्याने चेंडू काढला, अगदी स्वच्छ, असं ती म्हणते. काटेकोरांनी पेनल्टी दिली. आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, म्हणजे वाकून उभी राहिली, कारण ते तिच्या खांद्याला लागत होते. विचारलं, डोळे आहेत की शर्टाची बटणं? त्यांनी लाल कार्ड काढलं. ते त्यांनी नेहमीप्रमाणे हात पूर्ण वर करून दाखवलं तरी आत्याच्या कपाळाशीच आलं, आणि प्रेक्षक हसले. काटेकोर हसले नाहीत. आत्या बाहेर गेली ती जाळीला लाथ मारून.

शिस्तपालन समितीपुढे सुनावणी झाली. लीगच्या कचेरीत एक लांब टेबल, पंखा फिरतोय पण वारा येत नाही अशी खोली. आत्याबरोबर बाबा गेले होते, त्यांच्याकडून मी हे ऐकलंय. काटेकोर उभे राहिले आणि सपाट आवाजात, बाजारभाव वाचावेत तसं सांगू लागले: खेळाडूने मला विचारलं की मला डोळे आहेत की बटणं.

"शर्टाची," आत्या म्हणाली.

अध्यक्षांनी विचारलं, काय?

"मी शर्टाची बटणं म्हणाले होते. नुसती बटणं नाही."

काटेकोरांनी तिच्याकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि हातातल्या कागदावर शब्द घातला. बाबांनी कपाळाला हात लावला. समितीने आत्याला चार सामने घरी बसवलं.

जिन्यात काटेकोरांनी तिला गाठलं. म्हणाले, इतक्या वर्षांत स्वतःच्याच विरुद्ध साक्ष दुरुस्त करून देणारा खेळाडू मी पाहिला नाही. आत्याने विचारलं की मग शिक्षा कमी होते का. ते म्हणाले, नाही, पण मी चहा देऊ शकतो. बाबा खाली स्कूटर सुरू करून उभे होते. अर्ध्या तासाने त्यांनी इंजिन बंद केलं.

त्या चार सामन्यांच्या बंदीत त्यांचं जमलं. आत्याला रविवार मोकळे मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तो काटेकोरांच्याच कृपेने. पुढे तिने घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, घरात कुकर आहे ना, आणखी एक शिट्टी कशाला? बाबांनी मुलाची उंची विचारली. आत्याने सांगितली. बाबा म्हणाले, बरं.

लग्नानंतर ते दोघं आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले. दोन खोल्यांचं घर. आतोबांच्या चपला दाराशी एका रेषेत, आत्याचे बूट जिथे निघतील तिथे. फ्रिजच्या डोक्यावर तिचे हातमोजे वाळत, त्यांचा वास लोणच्याच्या बरणीला मागे टाकणारा. बाजारात ती पुढे, ते मागे, आणि तोलून घेताना ते पुढे, ती मागे. लीगने नियम घातला की आत्याच्या सामन्यांना आतोबा पंच म्हणून नेमले जाणार नाहीत. दोघांनी आपापला नियम घातला की घरात सामन्यावर बोलायचं नाही. लीगचा नियम टिकला. म्हणजे तो दिवस येईपर्यंत टिकला.

तो दिवस म्हणजे वरच्या गटात जाण्याचा निर्णायक सामना. आत्याचा संघ जिंकला किंवा बरोबरीत सुटला तरी वर जाणार होता. आम्ही सगळे गेलो होतो. आतोबा आमच्या शेजारी बसून शेंगा सोलून खात होते, टरफलं रुमालात जमा करत. मध्यंतराला अजून अवकाश असताना पंचांची पोटरी धरली. ते एका पायावर लंगडत बाहेर गेले, पुन्हा आले, पुन्हा बाहेर गेले. राखीव पंच म्हणून जो होता तो त्याच आठवड्यात परीक्षा पास झालेला. त्याने निर्णायक सामना म्हटल्यावर तोंड पाडलं. तेवढ्यात लीगच्या एका माणसाची नजर आमच्या बाकाकडे गेली.

आतोबांनी साफ नकार दिला. नियम दाखवला, पोटकलमासकट. लीगचा माणूस दोन्ही प्रशिक्षकांकडे गेला आणि दोघांनीही चटकन होकार दिला. आत्याच्या टकल्या प्रशिक्षकाचा हिशेब सरळ होता: नवरा आहे, बायकोला सांभाळून घेईल. समोरच्या संघाच्या प्रशिक्षक बाईंचा हिशेब त्याहून पुढचा: नवरा आहे, लोक काय म्हणतील या धास्तीने बायकोच्याच मुळावर उठेल. आतोबांना ओळखणारं कुणी दोघांतही नव्हतं. आतोबांनी शेंगांचा रुमाल माझ्या मांडीवर ठेवला, दुसऱ्याचे बूट घातले आणि मैदानात उतरले. आत्याने गोलातून पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि आकाशाकडे बघितलं. तिचं तोंड मात्र त्या क्षणापासून बंद झालं. दहाच्या दहा जणी वळून वळून बघू लागल्या, हिला झालंय काय.

सामना संपत आला तरी गोल नव्हता. आमच्या बाबांनी बाकावरच्या गादीची शिवण बोटांनी उसवत आणली होती, आणि ते त्यांच्या धंद्याला शोभणारं नव्हतं. मग आमच्या संघाच्या डाव्या बाजूच्या मुलीने अगदी गोलासमोर समोरच्या खेळाडूचा शर्ट मागून असा ओढला की खांद्याची शिवण गेली. मला वरून दिसली शिवण. शिट्टी वाजली. पेनल्टी. यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं आणि आत्याने घातलाही नाही. ती रेषेवर जाऊन उभी राहिली, हात पसरले.

आतोबा तिच्याजवळ गेले. त्यांची एक सवय होती. बायकांच्या सामन्यात ते प्रत्येक खेळाडूला आदराने ताई म्हणायचे. ताई, शर्ट आत खोचा. ताई, चेंडू मागे ठेवा. वर्षानुवर्षांची सवय. त्यांनी गोलातल्या बाईकडे बघितलं आणि नेहमीच्याच सपाट, सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "ताई, रेषेवर राहा."

स्वतःच्या बायकोला.

आधी आमच्या डाव्या बाजूची मुलगी हसली, जिने शर्ट ओढला होता तीच. मग दुसरी. मग समोरच्या संघातल्या. पेनल्टी मारायला उभी असलेली पोर पाठ वळवून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. वर बाकांवर हे पोचायला थोडा वेळ लागला, पण पोचलं. आई पदरात तोंड खुपसून बसली. आतोबांना काहीच कळलं नाही. त्यांनी घड्याळ बघितलं.

पोरीने सावरून चेंडू मारला, उजव्या कोपऱ्यात, जमिनीलगत. आत्या रागाने उडाली आणि तो बाहेर काढला. मी आयुष्यात बघितलेली तिची सगळ्यात सुंदर झेप ती. आम्ही उभे राहून ओरडत होतो आणि आतोबा शिट्टी वाजवत होते. आत्याचा पाय चेंडूला लाथ बसायच्या आधीच रेषा सोडून पुढे आला होता. पुन्हा मारायची.

दुसऱ्या खेपेला चेंडू डावीकडे गेला आणि आत्या उजवीकडे. संघ हरला. वरचा गट राहिला.

सामना संपल्यावर ती आतोबांशी एक शब्द बोलली नाही. पिशवी उचलून आमच्या स्कूटरवर बाबांच्या मागे बसली आणि माहेरी आली. माझ्या खोलीत माझाच पलंग जेमतेम मावत होता, म्हणून ती वर्कशॉपमध्ये एका वकिलाच्या सोफ्यावर झोपली. सोफा तीन माणसांचा होता, तरी तिचे पाय बाहेर.

आतोबा रोज संध्याकाळी यायचे. दारात उभे राहायचे, कारण आत या असं कुणी म्हणत नव्हतं आणि न बोलावता आत येणं त्यांच्यात बसत नव्हतं. एक दिवस हातमोजे घेऊन आले, एक दिवस तिची उशी. आई चहा बाहेर नेऊन द्यायची. बाबा दोघांच्या मधे बसून टाके घालत राहायचे. वकील सोफा कधी मिळणार म्हणून विचारायला आला की बाबा सांगायचे, अजून एक स्प्रिंग कुरकुरतेय.

असं बरेच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी आतोबांचा धीर सुटला. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "पाय रेषेच्या पुढे होता. मी काय करणार होतो?"

"पायाबद्दल कोण बोलतंय?" आत्या म्हणाली. "पाय होताच पुढे. अर्धा बूट होता. मला कळत नाही का?"

आतोबा गडबडले. आम्हीही गडबडलो, इतके दिवस आम्ही सगळे पायाचीच समजूत काढत होतो.

"मग?"

"ताई कुणाला म्हणालास?"

आतोबा आठवत राहिले. त्यांचा चेहरा आधी कोरा होता, मग त्यावर हळूहळू काहीतरी उगवायला लागलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी तोंडातली सुई काढली आणि मान डोलावली. झालंय असं.

"सगळ्यांसमोर?" आतोबांनी विचारलं.

"पलीकडच्या गोलापर्यंत ऐकू गेलं," आत्या म्हणाली. "घरी मला नुसतं 'अगं' म्हणतोस. एवढ्या आदराने तर लग्नातसुद्धा बोलला नव्हतास."

आतोबा तसेच निघून गेले. आई म्हणाली, गेला बिचारा कायमचा. दोन दिवस आले नाहीत. आत्या सोफ्यावर पडून छताकडे बघायची आणि पायरी वाजली की वर्तमानपत्र तोंडासमोर धरायची. तिसऱ्या दिवशी आले ते इस्त्रीच्या कपड्यांत, थेट आत, न बोलावता. त्यांनी सांगितलं की आपण लीगच्या कचेरीत जाऊन स्वतःविरुद्ध तक्रार दिली आहे. निर्णायक क्षणी गोलकीपरला चुकीच्या नात्याने हाक मारली आणि तिचं लक्ष विचलित केलं. समितीतल्या लोकांना वाटलं हा थट्टा करतोय. मग हा काटेकोर आहे हे आठवल्यावर ते घाबरले. असा गुन्हा नियमांत नाही, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. आतोबा उठेनात. शेवटी जेवायची वेळ टळत चालली म्हणून समितीने त्यांना एका सामन्याची बंदी देऊन वाटेला लावलं.

"येत्या रविवारी मी मोकळा आहे," आतोबा म्हणाले.

आत्या हसायला लागली ती सोफ्यावरून खाली येईपर्यंत. तिला हसताना बघून आतोबांनाही वाटलं की आपण काहीतरी विनोदी केलंय, आणि तेही जरासे हसले. ती त्याच संध्याकाळी उशी काखेत मारून घरी गेली. वकिलाचा सोफा दुसऱ्या दिवशी पोचता झाला. तो अजून सांगतो की एका बाजूला बसलं की खड्ड्यात गेल्यासारखं वाटतं.

ताई हे नाव मात्र तिला चिकटलं ते चिकटलंच. आधी संघातल्या मुली, मग समोरच्या संघातल्या, मग बाकांवरचे लोक. पुढच्या मोसमात गोलामागे पोरांची एक टोळी बसायची आणि पेनल्टी आली की एका सुरात ओरडायची. आत्या त्यांना हाताने गप्प करायची आणि मग अडवायची, किंवा अडवायची नाही. संघ पुढच्या वर्षी वरच्या गटात गेला. ती वर तीन मोसम टिकून राहिली, एकदा तर खांदा निखळलेला असताना मध्यंतरापर्यंत खेळली, कारण बदली मुलगी संडासात होती.

खांद्यानेच शेवटी तिला बसवलं. बसवलं म्हणजे बाकावर. तिच्या जागी एक एकवीस वर्षांची मुलगी आली, उंच, चपळ, आणि अजिबात न बोलणारी. आत्या म्हणायची की ही गोलात आहे की तिचा फोटो लावलाय. पण मुलगी चांगली होती आणि आत्याला ते दिसत होतं, तेच जास्त झोंबत होतं. एक अख्खं वर्ष तिने बाकावर काढलं. तेव्हा ती आमच्या वर्कशॉपमध्ये फार यायची, सोफ्यांच्या रिकाम्या चौकटींवर बसायची. बाबा काही विचारायचे नाहीत. एकदा त्यांनी नुसता एक हातोडा तिच्या हातात दिला आणि दुपारभर तिने खुर्च्यांचे जुने खिळे उपटले. त्या दिवशी जेवली नीट.

निवृत्तीचा सत्कार झाला तो बघण्यासारखा होता. क्लबने मैदानात मोठा फलक लावला, त्यावर आत्याचं नाव बरोबर आणि फोटो दुसऱ्याच गोलकीपरचा, त्या सरळ नाकवालीचा. तो बदलायला वेळ नव्हता. आत्याने हार घालून घेतला, फलकाशेजारी उभी राहिली आणि माईकवर म्हणाली की माझ्यापेक्षा ही चांगली दिसते, हिलाच ठेवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर ती न्हाणीघरात बराच वेळ होती आणि नळ चालू होता. आतोबा बाहेर स्टूल टाकून बसले, पाणी वाया जातंय असं एकदाही म्हणाले नाहीत. त्यांना ओळखणाऱ्याला यातलं प्रेम कळेल.

पुढे वर्षभर तिने काय काय केलं. एका दुकानाच्या दारात पिशव्या तपासल्या, तिथे गिऱ्हाइकं तिला बघून परत जायची. पोहण्याच्या तलावावर काम केलं, तिथे ती इतकी ओरडायची की पोहणारे दचकून बुडायला लागले. मग पुरुषांच्या एका क्लबचा फोन आला. खालच्या गटातला क्लब, गोलकीपरांना शिकवायला माणूस हवा होता. माणूस मिळत नव्हता, म्हणून बाई चालेल म्हणाले.

कपडे बदलायला तिला औषधांची खोली दिली, जिथे स्ट्रेचर ठेवतात ती. क्लबचा मुख्य गोलकीपर दाराएवढा आडवा, दाढीवाला. पहिल्या दिवशी तो तिला मॅडम म्हणाला आणि हातमोजे न घालताच उभा राहिला. आत्याने वीस पावलांवरून चेंडू मारायला सुरुवात केली. ती गोलकीपर असली तरी तिची लाथ ट्रकवाल्यांच्या संगतीत वाढलेली. पाचव्या चेंडूला त्याने हातमोजे घातले. अर्ध्या तासाने तो चिखलात पालथा पडलेला होता आणि ती त्याच्या डोक्याशी उभी राहून त्याला पडायचं कसं ते सांगत होती, कारण तोवर तो नुसता कोसळत होता.

आता दुसरं वर्ष चालू आहे. गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर त्यांच्या बाहेरगावच्या एका सामन्याला गेले होते. दाढीवाल्याने एक गोल असा खाल्ला की बघवेना. साधा, सरळ येणारा चेंडू, त्याच्या हातातून निसटून मागे घरंगळत गेला. मैदान हसलं. त्याने पहिल्यांदा वळून पाहिलं ते आमच्या बाकाकडे, आत्याकडे. मला वाटलं आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण आत्या खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या. तो समोर वळेपर्यंत ती वाकूनच राहिली.

मी विचारलं, काही बोलली का नाहीस? ती म्हणाली, गोल खाल्लेल्या माणसाकडे लगेच बघायचं नसतं, नाहीतर त्याला वाटतं तो गोल आपल्याला दिसला.

सामना बरोबरीत सुटला. परतीच्या बसमध्ये दाढीवाला सगळ्यात मागे जाऊन बसला. आत्या उठून त्याच्या शेजारी गेली, सामन्यानंतर वाटलेल्या खाऊतली त्याच्या वाट्याची दोन्ही केळी त्याच्याच समोर खाल्ली, आणि मग पुढच्या स्टॉपपर्यंत त्याला हात कसे ठेवायचे ते शिकवत राहिली, केळ्यांच्या साली चेंडू म्हणून त्याच्या हातात देऊन.